शुक्रवारची गाडी

केरीहून म्हापशाला निघते ती शुक्रवारी, अंधार असताना.
मागे नारळ, केळीचे घड, सुपारीची दोन पोती.
आणि नवव्या किलोमीटरला, काजऱ्याच्या चढणीवर
आधी खोकते, मग उचक्या देते, मग गप्प.
बाकी वारी कुरकुर नाही.

वय सत्तावीस. रंग कधीकाळी निळा.
पायाखालच्या पत्र्याला भोकं पडलीत, त्यांतून रस्ता पळताना दिसतो,
हे मी शेजारी बसणाऱ्याला सांगत नाही.
तेल मात्र वेळेवर. पाट्यांना जळकं ऑईल,
बॅटरीच्या टोकांवर साचलेलं हिरवं पीठ
कढत पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन.
सगळं वहीत असतं माझ्या:
तारीख, किलोमीटर, किती लिटर, काय दुखलं.

सांखळीच्या बस्त्यांवने
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून
एकेक इंजेक्टर ऐकला, डोळे मिटून.
"काळीज बरें आसा," म्हणाला.
एअर घेतलाय म्हणून हातपंप मारत राहिला, बुडबुडे संपेपर्यंत.
फिल्टर बदलला. पाईप बदलला.
शेवटी फीड पंप; त्याचे पैसे मी दोन हप्त्यांत फेडले,
दुसरा हप्ता केळ्यांत.
शुक्रवार आला.
काजऱ्याच्या चढणीवर उचकी.

धर्मा गांवस म्हणाला, इंजिन नव्हे रे, सीम ती.
राखणदाराची हद्द. रोट दिला होतास कधी?
मी हसलो.
पुढच्या शुक्रवारी गाडी थांबली तेव्हा
हद्दीच्या दगडापाशी ठेवला जाड रोट,
पानाच्या द्रोणात फेणी, पेटवलेली विडी,
आणि ती विझेपर्यंत उकिडवा बसून राहिलो,
कोणी ओळखीचं जाऊ नये म्हणत.
मग किल्ली फिरवली.
पहिल्या फेरीत चालू!

तेरा शुक्रवार गेले असे.
विड्यांचा खर्च वहीत मांडत गेलो, फिल्टरच्या खाली.

बस्त्यांवच्या हाती वही पडली ती जेवणवेळेला.
त्याने तिच्यावर तळलेला बांगडा ठेवला
आणि तेलात उमटलेले आकडे वाचता वाचता घास थांबवला.
"बिरेस्तारा टाकी भरता मरे तूं?"
हो, दर गुरुवारी संध्याकाळी. गळ्यापर्यंत.
बोटं न पुसताच उठला. चालू कर, म्हणाला, रेस सोडू नको.
बांगड्यावर माश्या बसल्या.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत, मी आत, तो बाहेर,
पहिली उचकी येईपर्यंत.
तसं त्याने झाकण पिळलं.

टाकीने असा श्वास ओढला आत
जसा तळीत बुडी मारलेलं पोर वर आल्यावर ओढतं.
आणि इंजिन चालत राहिलं,
काही झालंच नव्हतं जणू.

झाकणाच्या पोटात टाचणीएवढं भोक असतं.
जेवढं डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला.
गेल्या आषाढात टाकीत पाणी शिरलं म्हणून
मीच ते मेणाने बुजवलेलं,
वर जुन्या चपलेच्या रबराची चकती, दोनदा दाबून.
टाकी गच्च असली की घुसमट लवकर व्हायची, नवव्याच किलोमीटरला;
आणि विडी विझेस्तोवर
कुठूनतरी, केसाएवढ्या फटीतून, हवा झिरपत असणार.
वहीत तेही सापडलं, माझ्याच अक्षरात:
झाकण पक्कं केलं. खर्च शून्य.

बस्त्यांवने पैसे घेतले नाहीत. नवा बांगडा मागितला.

परवा चढण तिने एका दमात काढली.
वर पोचल्यावर ब्रेक मी दाबला.
रोट बांधून आणला होता, बायकोने सवयीने केलेला.
इंजिन चालूच ठेवलं, दगडापाशी गेलो,
काय बोलावं सुचेना.
धर्माला अजून सांगितलेलं नाही.

रात्री वहीत लिहिलं:
झाकणाचं भोक, टाचणीने साफ. खर्च शून्य.
खाली, थोडी जागा सोडून,
विडी, एक.