विसावा आठवडा, डंडी

मोरॅग प्रोब फिरवते, परत फिरवते.
पोटावरचा जेल आता माझ्याइतकाच कोमट.
दोन्ही मूत्रपिंडं छान, म्हणते. मूत्राशय भरलंय.
मणका बघ, झिपसारखा.
मग मांड्यांमधल्या एका सावलीपाशी
तिचा हात थांबतो.
चित्र गोठवते. मापते. पुन्हा गोठवते.

इचलकरंजीत मी दोन वर्षं केसपेपर लिहिले
'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'
या पाटीखाली बसून. दर सोमवारी ती पुसायचे.
तरी सासवा काउंटरवर वाकायच्या,
पेढे की बर्फी, एवढं तरी सांगा.
डॉक्टरांना माहीत असायचं. सांगायचे नाहीत.

इथे सांगायला बंदी नाही.
इथे माहीतच नाही.
"आज खात्रीने नाही सांगता येणार," मोरॅग म्हणते,
"गुरुवारी मोठ्या डॉक्टरीणबाई बघतील,"
आणि टिश्यूचा अख्खा गठ्ठा हातात देते,
जेल पुसायला, बहुतेक.
श्रीरंग विचारतो, म्हणजे काय?
दोनदा. दोन भाषांत.

बसथांब्यावर टे नदीचा वारा, आणि आईचा फोन.
"काय गं? तिकडे तर सांगतात म्हणे.
पेढे की बर्फी?"

पोटात ते लाथ मारतं.
ते. माझ्या भाषेत शब्द होताच की,
शाळेत फळ्यावर तिसरा लिहिलेला.

"अजून खवाच आहे, आई."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या होतात.
तिसरी होत नाही, तिने गॅस बंद केला असावा.
मग म्हणते,
आच मंद ठेव.
ढवळत राहा, बुडाला लागू देऊ नकोस.