आधी उजवी बाजू

या गाडीचं सगळं तोंडच पुढे कलंडतं,
नाकाडासकट, दोन्ही डोळ्यांसकट,
आणि एफी गेडिसला आत शिरायला जागा होते.
काढलेलं चाक आडवं टाकून ती त्यावर बसते.
सदुसष्टची स्पिटफायर. रंग एके काळी निळा.
गराजच्या दारातून अँस्ट्रदरचं बंदर दिसतं,
ओहोटीचं, चिखलात कुशीवर पडलेल्या होड्या.
इथला वारा लोखंडाला मिठाशिवाय काही वाढत नाही.

माझं काम दिवा धरण्याचं.
टल्लक म्हातारा स्टुलावर, पाय लांब करून.
दोन्ही गुडघे गेल्या वर्षी नवे बसवलेत, डंडीच्या इस्पितळात.
"माझं झालं, आता हिचं," म्हणतो.
हा विनोद आज तिसऱ्यांदा.

जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, एफी सांगते.
खाली घोडे लाव, मग ढकलून बघ,
भांडणात ढकलशील तितक्या जोराने.
ब्रेकचा जबडा तारेने वर बांध,
रबरी नळीवर लोंबू देऊ नकोस.
स्टिअरिंगचा सांधा सुटत नाही ना?
दोन हातोडे, दोन बाजूंनी, एकाच वेळी.

बोल्टांवर काल रात्रीच तेल सोडलं होतं.
तरी एक हटून बसला.
तिने पान्याला पाइप जोडला, ओठ आत घेतले,
आणि तो असा किंचाळला
की कठड्यावरचा सीगल उडाला.
"सुटला की तुटला?" टल्लक.
"सुटला."
मग वाकून बघत, "तुटलासुद्धा."

विशबोनच्या मागून पातळ चकत्या निघाल्या.
एक, दोन, आणि तिसरी
तंबाखूच्या डबीचा पत्रा, कात्रीने कापलेला,
त्यावर अजून अर्धं जहाज.
टल्लक चहात बघत म्हणतो,
"रविवारी दुकानं बंद असायची तेव्हा."
एफी ती फेकत नाही. वर्तमानपत्रावर क्रमाने ठेवते,
शेजारी पेनने: उजवी, मागची.

स्प्रिंगच्या वेळी आम्ही सगळे मागे सरकलो.
गाडीतून निघाली तरी गाडीचं ओझं
तिने अजून खाली ठेवलेलं नव्हतं.
शिकंज्याचा अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे,
मधे कोणी खोकलं नाही.
मग ती फरशीवर उभी राहिली,
आणि इतकी उंच आहे हे
टल्लकलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी खालचा पितळी सांधा,
त्यात फिरणारा पोलादी दांडा.
इथे तेल घालायचं असतं. ग्रीस नाही.
टल्लक एकतीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी,
ग्रीस भरत आला,
बाहेर ओघळेस्तोवर, वर फडक्याने पुसून.
ते तोंडाशीच थिजलं. आतले आटे कोरडे.
"दिवा जवळ," एफी म्हणते.
केसाएवढी रेघ.
तिने नख फिरवलं. नख अडकलं.

"कसं आहे आत?"
ती पुसलेलंच पुन्हा पुसत राहते.
"परवा कुठवर गेला होतास?"
"सेंट अँड्रूज. उताराला सत्तर मैलांनी!"

ती दांडा त्याच्या तळहातावर ठेवते.
दिसतो त्याहून जड असतो तो.
तो अंगठा फिरवतो, दिव्याकडे धरतो,
काहीच दिसत नाही म्हणून चष्मा आणायला उठतो,
नव्या गुडघ्यांवर, त्यांची अजून
नीट ओळख झाली नसल्यासारखा.

तो दारापाशी पोचेस्तोवर ती गप्प होती.
मग मला म्हणाली, उद्या डावी बाजू.
लक्षात ठेव, तिकडचे आटे उलटे.