हातचे एकवीस

कंपनी म्हणते, तीनशे बारा.
राउटर म्हणतो, दोनशे एक्याण्णव.
करारात तीनशे.
वर एक जीबी जरी गेला
तरी पन्नासाचा अख्खा गठ्ठा माझ्या गळ्यात,
पंधरा डॉलर.

इथे हॅनकॉकमध्ये
आम्ही बर्फसुद्धा मोजून घेतो.
मी माझ्या पट्टीने, शेजारचा व्हर्नर त्याच्या,
आणि कुंपणावरून ओरडून ताडून बघतो.
अर्ध्या इंचावरून कधी भांडण नाही.
सरोवर पाठवेल तेवढा घ्यायचा.

पण हे बिल.
महिनाभर वही ठेवली.
रोज रात्री नऊला, रक्तदाबाच्या गोळीनंतर,
राउटरचा आकडा उतरवला.
एकतीस वर्षं शाळेच्या कँटीनचे हिशेब लिहिलेत मी,
दुधाच्या एका खोक्यासाठी
काउंटीच्या ऑफिसात दोनदा गेलेली बाई आहे.
एकवीस जीबी असे हवेत विरत नाहीत.

आधी नातवावर संशय.
एरो चार दिवस राहून गेला,
त्याच्या एका खेळाने रात्रीत अठ्ठ्याऐंशी गिळले,
पण ते वहीत आहेत, लाल शाईने.
मग व्हर्नरवर.
त्याच्याकडे माझा पासवर्ड नाही,
त्याला त्याचा स्वतःचाही आठवत नाही.

शेवटी फोन लावला.
चाळीस मिनिटं पियानोची एकच धून.
मग एक मुलगा, डेझमंड नावाचा,
कुठल्या शहरातून कोण जाणे,
आवाजावरून तिकडे ऊन असावं.
म्हणाला, मॅडम, तुमचं यंत्र
एक हजार चोवीसने मोजतं.
आम्ही हजाराने.

म्हणजे माप तुमचं लहान?
तो जरा थांबला.
करारात आहे, मॅडम. पान अकरा.

मापात पाप म्हणतात ते हेच असेल,
पण पापालाही पान अकरा असतं
हे नव्हतं ठाऊक.

रेनो लाकडं मोजायचा, मिलच्या आवारात,
कानावर पेन्सिल, मिशीत भुसा.
ओंडका एक, पट्ट्या दोन:
एकीने दोनशे फूट भरायचा,
दुसरीने एकशे साठ.
दोन्ही खऱ्या, तो सांगायचा,
फक्त आधी विचारायचं, कुणाच्या पट्टीने.
विकणारे कधीच विचारायचे नाहीत.
मीही नाही विचारलं.

वहीच्या मागच्या पानावर
दोनशे एक्याण्णवला तीनदा एक हजार चोवीसने गुणलं,
तीनदा हजाराने भागलं.
तीनशे बारा, वर थोडे.
ताळा जुळला.
जुळलेल्या ताळ्याचा इतका राग
आयुष्यात कधी आला नव्हता.

वही मिटता मिटता
यंत्रागणिक वाटणी दिसली.
टीव्ही: एकशे चाळीस.
मी तर टीव्ही बघत नाही.
मी फक्त लावते.
स्वयंपाकघरात असताना
बाहेरच्या खोलीत कुणीतरी बोलत असावं म्हणून.
कुणी मासे पकडत असतो, कुणी घर विकत घेत असतो.
रेनो गेल्यापासून
बंद करायचं राहूनच जातं.

आणि टॅबलेट, ज्यावर किर्स्ती दिसते,
टूसॉनहून, रविवारी,
मागे निवडुंग, कडेवर मांजर,
आणि वीस मिनिटं झाली की मी म्हणते,
ठेवते गं, डेटा जातोय.
चार रविवार मिळून: दोन.
दोनसुद्धा पुरते नाहीत.

पुन्हा पुन्हा चष्मा पुसला.
दोनच.

पंधरा डॉलरचा चेक लिहिला,
तळाच्या रेघेवर 'पान अकरा' असं लिहिलं,
वाचणार कोणी नाही, तरी.

या रविवारी किर्स्तीने विचारलं, बर्फ किती?
थांब म्हटलं,
टॅबलेट घेऊन मागच्या दारात गेले,
सपाता घालूनच,
पट्टीसमोर धरला.
तिने तिथून वाचलं, तेवीस.
मी इथून, साडेबावीस.
तू वाकडा धरलायस, आई.
तुझे डोळे तपासून घे, म्हटलं मी.
पाय गारठले, दार उघडं,
आणि आम्ही भांडत राहिलो त्या अर्ध्या इंचावरून
बराच वेळ.