वीतभर हवा

योएन्सूच्या डेपोत पहाटे पाचला
चार नंबरच्या बसमध्ये चढते
आणि आधी सीटखालची चकती फिरवते.
एकशे तीस होती, मग नव्वद, आता अठ्ठ्याहत्तर.
रात्रपाळीचा तापिओ आडवातिडवा माणूस,
तो रोज ती परत वर नेतो.
एकदा विसरले, तर पहिल्याच खड्ड्याला
सीटने मला छताकडे भिरकावलं,
जणू वर बाई नव्हतीच,
कुणी कोट विसरून गेलं होतं.

पूर्वी स्टिअरिंग पोटाला घासायचं.
युनिफॉर्मचं तिसरं बटण वर्षातून दोनदा तुटायचं,
तिथलं कापड झिजून चकाकायचं.
वळण किती घेतलं ते मला पोटाला कळायचं.
आता मध्ये वीतभर हवा आहे.
हॉस्पिटलच्या वळणावर अजूनही श्वास आत ओढते.
कुणाला जागा करून देते, कुणास ठाऊक.

दर बुधवारी सुई.
फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे,
खारवलेल्या माशांना खेटून ते पेन उभं असतं.
या बुधवारी बेंबीच्या उजवीकडे, पुढच्या बुधवारी डावीकडे,
असे चौदा महिने.
चाळीसेक वर्षं डोक्यात एक रेडिओ चालू होता,
काय उरलंय, कुणी बघतंय का, उद्यापासून नक्की.
तिसऱ्या आठवड्यात तो बंद पडला.
मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले.
आमचा फ्रिज गुरगुरतो
हे मला माहीतच नव्हतं.

गुडघे दुखायचे थांबले, हेही लिहायला हवं.
तीन जिने चढून मी आता बोलू शकते.

पण दंडाखालची कातडी लोंबते
ओल्या अभ्र्यासारखी.
न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके.
मे महिन्यातही आत लोकरी बनियन.
अंगठी फेब्रुवारीत हातमोज्याबरोबर निघाली
आणि स्टॉपवरच्या बर्फात गेली.
मार्टी म्हणाला, एप्रिलमध्ये वितळेल तेव्हा शोधू.
एप्रिलमध्ये बर्फ वितळला.

बसच्या आरशात कधीकधी आई दिसते,
शेवटच्या शरद ऋतूतली, गालांची हाडं वर आलेली.
तेव्हा शेजारी जिन्यात कुजबुजायचे,
किती वाळली बिचारी.
तेच शेजारी मला म्हणतात, वा, रायला, किती वाळलीस!
ऐकून मूठभर मांस चढतं म्हणतात अंगावर.
तेवढंच चढतं.

शनिवारी तळ्याकाठच्या सौनात बायकांची वेळ.
आता फळी टोचते, टॉवेलची चौघडी करून बसते.
वाफेत सगळ्या सारख्याच लाल,
तरी सेइयाने पाठीवरून मला ओळखलं नाही,
"नवीन का तुम्ही?" म्हणाली.
एक्याऐंशी वर्षांच्या आउनेने मात्र
माझ्या पोटाची घडी दोन बोटांनी उचलली,
खिडकीचा पडदा उचलावा तशी,
आत डोकावल्यासारखं केलं
आणि म्हणाली, "मोठं घर होतं गं."
मी इतकी हसले
की कातडी माझ्यानंतर हसायची थांबली.

मग धक्क्यावरून पाण्यात.
पाणी माझं होतं, जमीन कधी नव्हती.
उताणी पडले की तरंगायचे तासन्‌तास,
बहिणीची पोरं माझ्या पोटाला धरून
पाय मारायला शिकली.
त्या दिवशीही तशीच पडले, विश्वासाने.
आधी टाचा गेल्या, मग मांड्या,
मग कानांत पाणी, नाकात पाणी.
चोपन्नाव्या वर्षी हातपाय मारत वर आले,
खोकत, धक्क्याच्या कडेला लोंबकळत.

आउने वर पाय सोडून बसली होती.
तिने काही विचारलं नाही.
वेलदोड्याचा गोड पाव पुढे केला.
अर्धा खाल्ला. वेलदोडा लागला जिभेला, खूप दिवसांनी.
उरलेला अर्धा ओल्या हातात धरून बसले.
पूर्वी अर्धा कधी उरलाच नव्हता,
त्याचं काय करतात
मला माहीत नाही.