साडेपाच थाउ

ओजस कर्णिकने डबी टेबलावर ठेवली तेव्हा
मी रिंगचा गॅप घासत होतो.
आठ बोल्ट, काळे, तेलकट कागदात.
डबीवर परदेशी अक्षरं, एक स्पेलिंग चुकलेलं.
"अर्ध्या किमतीत मिळाले, काका."

कुर्ल्याला, कमानीच्या मागच्या गल्लीत, माझ्या गाळ्यात
एक फुटका ब्लॉक आहे.
बाजूला भोक, मूठ जाईल एवढं.
त्यात आम्ही वेल्डिंगच्या सळ्या खोचतो.
विचारलं कुणी तर सांगतो : चार नंबरचा रॉड इथून बाहेर आला,
साडेसात हजारावर.
पिस्टन नवे होते, कॅम नवा, कार्ब्युरेटर इटलीचे.
बोल्ट तेवढे जुने,
"अजून चांगले आहेत" म्हणून.
कोण म्हणालं होतं तसं?
मी.

ओजसला वाटतं, स्फोटाने बोल्ट तुटतो.
नाही रे. स्फोट रॉडला खाली दाबतो,
बोल्टला त्याचं काय?
त्याचा जीव जातो वर,
जळका धूर टाकून झाल्यावर,
जिथे पिस्टनला अडवायला काहीच नसतं, दाब नाही, आग नाही,
तो आपला वरच जायला बघतो
आणि दोन बोल्ट त्याला धरून मागे ओढतात.
आठ हजारावर, मिनिटाला चार हजार वेळा.
वेग दुप्पट, तर ओढ चौपट.
त्याने मान हलवली.
पोरं मान हलवतात.

शनिवारी त्याला घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलो.
हकीमुद्दीन शेठच्या पायरीवर
बारा-नऊचे बोल्ट, किलोवर.
शेठने चष्मा कपाळावर चढवला,
डबीतल्या एकाच्या आट्यांवरून नख फिरवलं.
"कापलेले आटे आहेत. दाबून काढलेले नाहीत."
मग तुमच्याकडचे द्या, म्हटलं.
"माझा बोल्ट प्रेसला लाव, क्रेनला लाव.
रॉडला नको. मी देणार नाही तुला."
आणि तीन चहा मागवले.
गल्ल्यावर बसलेला त्याचा मुलगा
बापाकडे बघतच राहिला.

रात्री त्या डबीतला एक, जुन्या रॉडला लावून ताणला.
गेजचा काटा साडेपाच थाउवर,
डोक्याच्या दोन केसांएवढं.
मग सैल केला.
काटा शून्यावर यायला हवा.
दोनवर थांबला.
"परत नाही आला," ओजस म्हणाला.

आई म्हणायची, तुटेपर्यंत ताणू नये.
बोल्टचं उलटं आहे, आई.
कमी ताणलेला आधी जातो :
प्रत्येक फेरीला जरासा हलतो, जरासा थकतो,
आवाज करत नाही.
पुरता ताणून, सोडल्यावर
मूळ मापाला येणारा हवा.
पैसे त्या परत येण्याचे असतात.

खरे आले तीन आठवड्यांनी, ड्यूटी भरून.
पिस्टनच्या सेटपेक्षा महाग.
ओजसने टायर दिवाळीनंतरवर ढकलले.
रॉड पुन्हा होन केले,
नव्या बोल्टने आवळलं की
जुना गोल गोल राहत नाही.

मग एकेक. आट्यांना त्यांच्यासोबत आलेलं मलम,
पाना माझ्याकडे,
गेज आणि वही त्याच्याकडे.
एक, साडेपाच. दोन, साडेपाच.
तीन, पाच आणि वर जरा.
जरा म्हणजे किती? लिही.
सहाव्याला समोरच्या गिरणीचा पट्टा थांबला,
गल्ली एकदम शांत झाली.
सात.
आठव्याला त्याने गेज डोळ्याजवळ नेलं,
पेन उचललं, परत ठेवलं.

"सैल करा, काका.
मी नीट वाचलं नाही."