खाडीचं तोंड

हर्णैच्या बंदर-कचेरीत मी एकतीस वर्षं
आंजर्ल्याच्या खाडीचं तोंड कुठे आहे ते लिहीत होतो.
निळी शाई, जाड पुठ्ठ्याची वही, डावीकडे तारीख.
कड्यावरच्या देवळाचा कळस
आणि सुरूच्या बनातलं दुबेळकं झाड
एका रेघेत आलं, की होडी सरळ आत घालायची.
हे वाक्य माझं. खाली सही माझी.
नव्या येणाऱ्या प्रत्येक कारकुनाकडून
मी ते पाठ करून घेतलं.

यंदा नारळीपौर्णिमेनंतर, त्याच रेघेवर,
हरेश्वर पावसेची होडी ओहोटीला वाळूत बसली.
हरेश्वर काही बोलला नाही. पाच तास
नाळेवर बसून माझ्या घराकडे बघत राहिला.
मी खिडकी लावून घेतली
आणि वही काढून शोधत बसलो
चूक खाडीची कशी आहे ते.

"वय झालं की होतं असं," कुमुद म्हणाली.
"खाडीचं?"
ती माठाची भाजी निवडत होती,
निवडतच राहिली.

पलीकडच्या काठाला गाव आहे, नाव अडखळ.
पूल नव्हता तेव्हा शमसुद्दीन परकार तर चालवायचा.
जाता-येता मी त्याच्याच होडीत.
उतरताना त्याचं एकच, "साहेब, चाय?"
आणि माझं एकच, "आत्ताच झाला."
एकतीस वर्षं आत्ताच झालेला चहा!
आई म्हणायची म्हणून मी म्हणत गेलो.
आई गेली, म्हणणं राहिलं.
मग पूल झाला, तर बंद पडली,
आणि नाही म्हणायचीसुद्धा सोय उरली नाही.

परवा पुलावरून चालत गेलो. वही पिशवीत.
शमसुद्दीन ऐंशीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू,
पडवीत बसून जाळ्याच्या गाठी बोटांनी वाचत होता.
विचारलं, "तोंड सरकलं की काय रे?"
हसला.
"साहेब, ते थांबलं होतं कधी?
तुमची वही मला वाचता येत नव्हती
म्हणून माझी होडी चालली."
मग आतून बांबू मागवला. जुना, हाताहातावर खाचा.
"दर उधाणाला टाकून बघायचा.
काल किती लागला
ते त्याला सांगायचं नाय."

चहा आला.
नाही म्हणायला जीभ तयारच होती,
इतकी तयार, की मलाच तिची कीव आली.
बशीत ओतला. आलं असावं, साखर फार.
प्यायलो.
काहीच झालं नाही.
त्याचंच वाईट वाटत राहिलं पुलाच्या मध्यापर्यंत:
हरेश्वर तरी पाच तासांत सुटला होता.

आज सकाळी त्याच्या होडीत मी पुढे उभा,
गुडघे थरथरत, बांबू दोन्ही हातांत.
तो अजून माझ्याशी बोलत नाही.
इथे अडीच हात. इथे दोन.
इथे एकदम चार, दुबेळक्या झाडाच्या
कितीतरी दक्षिणेला, जिथे मी शपथेवर
खडक सांगितला असता.
लिहिलं. पेन्सिलीनं.
नातवाच्या दप्तरातली, कुमुदनं न मागता दिलेली,
टोकाचं रबर आधीच अर्धं झिजलेलं.
सही केली नाही.

तेवढ्यात बांबू पुन्हा खस्सकन वाळूत रुतला
आणि हरेश्वर पहिल्यांदाच बोलला, "आता?"
म्हटलं, थांब.
बघतो.