चार बोटं उंचीवर

रात्री पावणेतीनला सुरतेहून हर्षल कुवरचा फोन.
"मोबाइलवर चौतीस दाखवतंय, म्हणजे बरोबर आहे,
पण धुडकूआबा म्हणतो पिलं गारठताहेत.
जरा बघून ये ना."

जरा म्हणजे साक्रीपासून दहिवेलपर्यंत,
पौषात, मोटारसायकलवर,
शर्टाच्या आत कालचा पेपर खुपसून,
सुरतेचे ट्रक अंगावर वारा टाकून जाताना.

शेडमध्ये तीन दिवसांची चार हजार पिलं.
भिंतीवर पांढरा डबा, हिरवे आकडे: ३४.०
त्यावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच.
डबा मीच बसवलेला. मालकाच्या सवयी शिकतो, असं
खोक्यावर लिहिलं होतं.
मालक सुरतेत. कोणाच्या शिकला असेल?

बंद केला, चालू केला.
रिलेला कान लावला: टक्. थोडं थांबून टक्.
तार उंदरानं कुरतडली असेल म्हणून
मीटर लावून अख्खी तपासली, शाबूत.
शिकणं बंद करून टाकलं.
कंपनीला फोन लावला, एक दाबा, तीन दाबा,
मग एक झोपाळू पोरगा:
"सर, युनिट नॉर्मल आहे."
आणि खरंच, युनिट नॉर्मल होतं.
चौतीस म्हणजे चौतीस.
मला तर स्वेटर काढावासा वाटत होता.

पिलं मात्र कोपऱ्यात एकावर एक.
पिवळा ढीग, आतून किणकिणणारा.
खालची वरच्यांच्या ओझ्यानं मरतात,
वरची थंडीनं.

इठाबाई त्या ढिगाशी उकिडवी बसलेली,
दोन्ही हातांनी पिलं सुटी करत.
हात काढला की पुन्हा ढीग.
माझी पक्कड, टेस्टर, मोबाइलचा उजेड
बराच वेळ ती बघत होती. मग म्हणाली,
"तुना डबा उभा शे, भाऊ.
पिले खाले बठेल शेतस."

मला कळलं नाही.
"खाले बैस. आते सांग."

बसलो.
गुडघ्यापाशीच ऊब संपली,
विहिरीत उतरताना पायरी संपते तशी.
तुसावर हात ठेवला, तर गार,
रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भाकरीसारखं.

सेन्सर माझ्या खांद्याला लागत होता.
दसऱ्याच्या घाईत, हात सहज पोचला तिथं
खिळा ठोकला होता मी.
तेव्हा उकाडा होता, कोणाला काही कळलं नाही.

तार सोडली. सुतळीनं सेन्सर खाली आणला,
तुसापासून चार बोटं वर,
पिलाच्या पाठीला लागेल इतका.
आकडे उतरू लागले.
३१. २८. २५.४
तिकडे सुरतेत मोबाइल किंचाळला असणार,
कारण लगेच फोन:
"अरे, काय बिघडवलंस तू? चौतीस होतं ना!"
मी म्हटलं, "होतं."

सगळे हीटर एकदम लाल झाले.
पहाटेपर्यंत ढीग कडेनं विरघळत गेला,
एक पिलू, मग पाच,
मग कोणी पाण्याशी, कोणी दाण्याशी,
कोणी उगाच मध्येच आडवं पसरलेलं, पाय लांब करून.
आकड्याकडे मी पाहिलंच नाही.

एकसष्ट मेली होती.
आबानं ती घमेल्यात भरली, वर गोणपाट टाकलं.
इठाबाईनं विचारलं, "तो खिळा कोन्ही ठोका व्हता?"
मी पक्कड पुसत होतो. पुसून झालेली होती.
"मी."
ती काही बोलली नाही. तुसाची कड सारखी करत राहिली.

बिलात लिहिलं: सेन्सरची जागा बदलली.
पुढं रकमेची जागा मोकळी.

दहिवेलच्या नाक्यावर चहा घेतला,
छातीतला पेपर काढला, अजून कोमट होता,
आणि त्याच्या कोऱ्या कडेवर नावं लिहिली.
त्या दसऱ्याला मी अजून पाच डबे बसवले होते,
तीन घाटाखाली, दोन नवापूरकडे,
सगळे माझ्याच खांद्याच्या उंचीवर.

किक मारली.
साक्री उजवीकडे राहिली.